विकत घ्यायचे ते किनाऱ्यावरचे तास

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. हे ६८ वर्षांचे. तीस वर्षं भूगोल शिकवला, पृथ्वीगोल फिरवून मुलांना दोन्ही ध्रुव दाखवले. आता त्यातला एक तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आहे. दोन वर्षांनी जायचं असं ठरतंय. मला पेंग्विन बघायचे आहेत. दगडांच्या घरट्यात आईच्या पोटाखाली बसलेली पिल्लं, त्यांची ती डुलत डुलत चाल, पाण्यातून उडी मारून बर्फावर येणं, सगळं. ध्रुवीय अस्वलही दिसलं तर हवंच आहे. दोन कंपन्यांची माहितीपत्रकं समोर आहेत. एक ४५० प्रवाशांचं जहाज, १० दिवस, बाल्कनीची केबिन. दुसरं १२० प्रवाशांचं, १२ दिवस. तेवढ्याच पैशांत त्यात सगळ्यात खालच्या मजल्यावरची छोटी केबिन मिळते, गोल खिडकीची. यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मला गाडी लागते, म्हणजे बोट लागणारच. आणि मुलगी म्हणते, ‘आई, तुम्ही बर्फ बघायला जाणार आणि जाऊन तोच वितळवणार.’ तिला काय उत्तर द्यावं कळत नाही. तुम्ही सांगाल का?

सदराचं उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात पेंग्विनवर भरभरून लिहिलंय आणि अस्वलावर एकच ओळ आहे. मला वाटतं, कुठं जायचं हे तुम्ही पत्र लिहिता लिहिताच ठरवलं आहे. पेंग्विन दक्षिणेला आणि अस्वल उत्तरेला, हे भूगोलाच्या बाईंना मी काय सांगणार? पण एका सफरीत दोन्ही होत नाहीत, हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुम्ही दक्षिणेला जा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाला जा.

अस्वलाबद्दल थोडं सांगते, म्हणजे मागे रुखरुख राहायला नको. अस्वल बघायला लोक बहुतेक करून स्वालबार्डला जातात. हा नॉर्वेचा द्वीपसमूह; ७८ अंश उत्तरेवरच्या लाँगयिअरब्येन गावातून जहाजं सुटतात. १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम आणखी कडक झाले आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. एवढ्या अंतरावरून अस्वल म्हणजे दुर्बिणीतला पिवळसर ठिपका. मला हा नियम पूर्ण पटतो. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ मागे हटतो, सील पकडणं अवघड होतं, आणि अस्वल अंगातल्या चरबीवर दिवस काढतं. आपल्या बोटीमुळे ते जागेवरून उठलं, चार पावलं पळालं, तर तो खर्च त्याच्या शिलकीतून होतो. स्वालबार्डला वॉलरस आहेत, हजारो पक्ष्यांनी गजबजलेले उभे कडे आहेत, मध्यरात्रीचा सूर्य आहे. जागा अपूर्व आहे. शिवाय जहाज बराच वेळ फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या, आडोशानं चालतं, त्यामुळे बोट लागण्याचा त्रास तिथं पुष्कळ कमी. पण तिथं पेंग्विन नाहीत. पोटात ढवळेल या भीतीनं मनातली जागा बदलू नका. त्या भीतीचा बंदोबस्त करता येतो, तो पुढे लिहिते.

आता महिना. जहाजाच्या आधी महिना ठरवा, कारण तुम्हाला काय दिसणार हे त्यावरच सगळ्यात जास्त अवलंबून असतं. दक्षिणेचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा असतो, पेंग्विनांच्या जोड्या जमत असतात, घरट्यासाठी खडे गोळा करणं चाललेलं असतं. शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा पळवणारा जेंटू पेंग्विन तासभर बघितला तरी कंटाळा येत नाही. पण तेव्हा दक्षिणेकडच्या खाड्या बर्फानं अडलेल्या असू शकतात आणि किनाऱ्यावर पाय गुडघ्यापर्यंत रुततो. रुतलेल्या पायाचा खड्डा तुम्हालाच परत बुजवावा लागतो, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं असं रुतत, उपसत चालणं मला धोक्याचं वाटतं. डिसेंबरमध्ये अंड्यांवर बसलेले पक्षी दिसतात आणि रात्र जवळपास होतच नाही. डिसेंबरच्या अखेरीपासून अंडी फुटू लागतात. जानेवारीत तुम्ही लिहिलंय तेच दिसतं: आईच्या पोटाखालून डोकावणारी राखाडी पिल्लं, आणि समुद्रावरून पोट भरून आलेल्या आईबापांच्या चोचीत चोच घालून खाणारी. फेब्रुवारीत पिल्लं मोठी होतात, आईबापांच्या मागे धावत सुटतात, वसाहतीत चिखल आणि वास भरपूर होतो. आणि व्हेल बघायला याच्याइतका चांगला काळ नाही. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव, खाऊन खाऊन हंपबॅक व्हेल तेव्हा पुष्ट झालेले असतात आणि बोटींकडे कुतूहलानं येतात.

मला स्वतःला फेब्रुवारीचा शेवट आवडतो, तो व्हेलसाठी. तुमच्यासाठी मात्र मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा सांगेन. पिल्लं असतील, व्हेल दिसू लागलेले असतील आणि किनाऱ्यावरचा बर्फही बराच उतरलेला असेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण माहितीपत्रकांवर हटकून त्याचंच चित्र असतं. एम्परर पेंग्विन, ते उंच, मानेवर पिवळा-केशरी रंग असलेले, द्वीपकल्पाच्या नेहमीच्या सफरीत दिसत नाहीत. क्वचित एखादा एकटा बर्फाच्या तुकड्यावर दिसला तर नशीब. तुम्हाला दिसतील ते जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली. याहून मोठे, सोनेरी मानेचे किंग पेंग्विन हवे असतील तर साउथ जॉर्जिया बेटावर जावं लागतं. तिथल्या सेंट अँड्र्यूज खाडीत त्यांची लाखांच्या घरातली वस्ती आहे. पण ती सफर तीन आठवड्यांच्या आसपास जाते, समुद्रावरचे दिवस वाढतात आणि पैसेही. बोट लागण्याची धास्ती असताना पहिल्याच फेरीत ती नको.

आता तुमच्या समोरची दोन माहितीपत्रकं. मला यात थोडीही शंका नाही: १२० प्रवाशांचं जहाज, १२ दिवस, गोल खिडकीची खालची केबिन. का, ते आकड्यांत मांडते.

अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवाशांना किनाऱ्यावर उतरता येतं. ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरवत नाहीत. त्यांनी डेकवरूनच बघायचं. तिथल्या सफरी चालवणाऱ्या कंपन्यांची आयाटो नावाची संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासद कंपन्या हे नियम पाळतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, की तुम्ही आयाटोचे सभासद आहात का. नसतील तर विषय संपला. आता ४५० प्रवासी असले तर उतरायला पाच पाळ्या कराव्या लागतात. एका सकाळी पाच पाळ्या बसवायच्या म्हणजे तुमच्या वाट्याला तासभरही येईलच असं नाही, आणि तो तासही ‘आता परतायचं’ या हाकेकडे कान लावून. १२० प्रवासी असले तर १०० किनाऱ्यावर, उरलेले २० रबरी बोटीतून हिमनगांमधून फिरतात, मग अदलाबदल. दोन-अडीच तास सहज मिळतात.

दिवसांचं गणितही बघा. अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून जहाज सुटतं, बीगल सामुद्रधुनीतून बाहेर पडतं, आणि पुढे ड्रेक पॅसेज: अरुंद जागी सुमारे ८०० किलोमीटर रुंद, जायला साधारण दोन दिवस, यायला दोन. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस धरू नका. म्हणजे १० दिवसांच्या सफरीत पेंग्विनांच्या मुलखात तुम्ही चार दिवस असता आणि १२ दिवसांच्या सफरीत सहा. दोन दिवस वाढले आणि बघण्याचा वेळ दीडपट झाला. रोज दोनदा उतरायचं ठरलेलं असतं. वारं, लाटा, बर्फ यांपायी त्यातली काही उतरणी रद्द होतात. चार दिवसांतल्या दोन गेल्या तर काळजात धस्स होतं. सहा दिवसांत तेवढं लागत नाही.

बाल्कनीबद्दल मला माहीत आहे की मोह होतो. मीही त्या मोहात पडून एकदा वरच्या मजल्यावरची केबिन घेतली होती. द्वीपकल्पाजवळ पोचल्यावर मी त्या बाल्कनीत एकूण अर्धा तासही उभी राहिले नाही, कारण व्हेल जहाजाच्या कुठल्या बाजूला येणार हे तो तुम्हाला विचारून ठरवत नाही. सगळे जण उघड्या डेकवरच असतात. शिवाय ड्रेकमध्ये जहाज सगळ्यात जास्त झुलतं ते वरच्या मजल्यांवर आणि दोन्ही टोकांना. सगळ्यात कमी झुलतं ते खाली आणि मध्यभागी. तुमची गोल खिडकीची केबिन जहाजाच्या मध्याजवळ मागून घ्या. स्वस्तातली केबिनच बोट लागणाऱ्या माणसाला सगळ्यात सोयीची. लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं, हेही खरं आहे. ते दोन दिवस सोसावे लागतील, पण त्या बदल्यात मिळणारे तास मी मोजून दाखवले.

ड्रेक टाळायचाच असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानानं किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथून जहाज पकडण्याच्या सफरी आहेत. विमानाला दोन तासांच्या आसपास लागतात. पण बेटावरची धावपट्टी खडीची आहे आणि धुकं आलं की विमान उतरत नाही. अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त, वाट बघण्यात जातो. शिवाय अल्बट्रॉस जातो तो जातोच. भटक्या अल्बट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत असतो. तो लाटेच्या कण्यावरून वर येतो, वाऱ्यावर कलतो, पुन्हा लाटेत उतरतो, आणि पंख हलवत नाही. मी चाळीस मिनिटं एकाच पक्ष्याकडे बघत उभी होते. त्यानं एकदाही पंख फडफडवला नाही.

आता बोट लागण्याचं. औषध उलटी सुरू झाल्यावर घ्यायचं नसतं, जहाज बंदर सोडण्याआधी घ्यायचं असतं. पोट एकदा बिघडलं की गोळी आत टिकत नाही. दोघंही आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि हे एवढ्यासाठीच जा. कानामागे लावायची स्कोपोलमिनची पट्टी पुष्कळ लोक वापरतात, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही. यांचं वय ६८, तेव्हा हा प्रश्न विचाराच. गोळ्यांनी फार झोप येते का हे घरीच एखाद्या दिवशी घेऊन बघा. समुद्रावर शेजारच्या प्रवाशानं दिलेली दुसरी गोळी पहिल्यावर घेऊ नका. पहिल्या दिवशी वाचन नको, मोबाइल नको. उघड्या डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघा, नाही तर सरळ आडवं व्हा. पोट अगदी रिकामं ठेवू नका. आणि चालताना एक हात कायम जहाजासाठी मोकळा ठेवा, पण दाराच्या चौकटीला कधी धरू नका. जहाज कललं की जड दार धाडकन मिटतं आणि बोटं चिरडतात.

यांच्या गुडघ्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिते, कारण माहितीपत्रकात फक्त ‘मध्यम तंदुरुस्ती आवश्यक’ एवढंच असतं. जहाजाच्या बाजूला लावलेल्या जिन्यानं खाली उतरायचं, खाली झोडियाक म्हणजे दहा-बारा माणसांची रबरी बोट लाटेवर वरखाली होत असते. खलाशी हात पुढे करतो. त्याच्या पंजात पंजा द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं. ओले असले तरी मनगटं निसटत नाहीत. मग बोटीच्या काठावर बसायचं आणि बसल्या बसल्या सरकायचं. किनाऱ्याला लागलं की पाय काठावरून बाहेर टाकायचे आणि पोटरीएवढ्या पाण्यात गमबुटांनी उभं राहायचं. याला ताकदीपेक्षा तोल लागतो. आत्तापासून यांनी रोज हात न टेकता खुर्चीतून उठायचा आणि जिना चढण्या-उतरण्याचा सराव करावा, फिजिओथेरपिस्टला विचारून. दोन काठ्या घेऊन चालायची सवय करावी. गोल गुळगुळीत दगडांवर त्या फार कामी येतात.

यात एक नवीन अडचण आहे. पूर्वी किनाऱ्यावर एखाद्या दगडावर बसून राहता यायचं आणि पेंग्विन आपणहून जवळ यायचे. आता बसता येत नाही, गुडघे टेकता येत नाहीत, पिशवीही खाली ठेवता येत नाही. कारण बर्ड फ्लू. एच५एन१ ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियात सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ. कपड्यांना लागलेली विष्ठा एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत जाऊ नये म्हणून हे बंधन आहे. म्हणजे यांना तासभर उभं राहता आलं पाहिजे. नाहीच जमलं तरी वाईट वाटून घेऊ नका: बोटींच्या फेऱ्या चालूच असतात, थकल्यावर पुढच्या बोटीनं परत जाता येतं, आणि टेकडी चढायची सक्ती नसते. किनाऱ्याजवळच पेंग्विनांची वर्दळ सगळ्यात जास्त असते. ऑपरेशनची गोष्ट कंपनीला नोंदणीच्या वेळीच लेखी कळवा, लपवू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण खरं रुग्णालय दोन दिवसांच्या समुद्राच्या पलीकडे असतं. म्हणून विमा घेताना रुग्णाला तिथून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, किती रकमेपर्यंत आहे, अंटार्क्टिकाचं नाव वगळलेलं तर नाही ना, आणि आधीपासूनचा गुडघ्याचा त्रास धरलाय का, हे अक्षर अन् अक्षर वाचा. बहुतेक कंपन्या अशा विम्याशिवाय जहाजावर घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

कपड्यांचा फार बाऊ करू नका. उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या थोडं खाली-वर असतं. बोचतं ते वारं आणि झोडियाकमधले तुषार. आत लोकर, वर वारा आणि पाणी अडवणारी पँट आणि जाकीट, दोन जोड हातमोजे (एक पातळ, एक जाड). गमबूट बहुतेक जहाजांवर मिळतात, पुष्कळदा पार्का, म्हणजे टोपीचं जाड जाकीटही. आधी विचारा, म्हणजे उगाच खरेदी होणार नाही. गडद चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नका, आणि ते हनुवटीखालीही लावा, कारण बर्फावरून ऊन खालून येतं. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, त्या आतल्या खिशात ठेवा. एक चांगली दुर्बीण दोघांत नको, दोघांना दोन घ्या. व्हेल वर आल्यावर ‘दे ना इकडे’ म्हणेपर्यंत तो गेलेला असतो.

उशुआइयाला जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी पोचा. माझी बॅग एकदा विमान कंपनीनं भलत्याच देशात पाठवली. एक दिवस हाताशी होता म्हणून ती जहाजाच्या आधी पोचली. जहाज कुणासाठी थांबत नाही.

आणि माहितीपत्रकातला मार्ग पाठ करू नका. लमेअर सामुद्रधुनी, पॅराडाइज हार्बर, डिसेप्शन बेटाच्या ज्वालामुखीच्या विवरात जहाज शिरतं ते, पोर्ट लॉक्रॉयचं टपाल कार्यालय, ही सगळी नावं त्यात असतील. मोहिमेचा प्रमुख आणि कप्तान रोज संध्याकाळी बर्फाचा नकाशा आणि हवामान बघून दुसऱ्या दिवसाचं ठरवतात आणि सकाळी तेही बदलतं. आमच्या वेळी लमेअर बर्फानं गच्च भरलेली होती. जहाज मागे वळलं तेव्हा अनेकांचे चेहरे पडले, माझाही पडला. दुपारी आम्ही विल्हेल्मिना खाडीत होतो. गाइडनं झोडियाकचं इंजिन बंद केलं. पाण्यातले बर्फाचे तुकडे तडतडत होते. हजारो वर्षांपूर्वी अडकलेली हवा त्यातून सुटत होती. मग मागून एक दीर्घ श्वास ऐकू आला, आणि दुसरा. दोन हंपबॅक आमच्यापासून बोटीच्या लांबीवर झोपले होते. दोन तास आम्ही त्यांच्याजवळ नुसते तरंगत होतो. कुणी बोललं नाही. त्या खाडीचं नाव माहितीपत्रकात नव्हतं.

आता तुमच्या मुलीबद्दल. ती चुकीचं बोलत नाही, आणि तिला गप्प करणारं उत्तर माझ्याकडे नाही. २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो. त्या अभ्यासाच्या अंदाजानुसार एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळतो. यात तिथवरच्या विमानप्रवासाचा धूर धरलेला नाही. ‘तिथं जाऊन आलेला माणूस त्या भूमीचा दूत होतो’ असं कंपन्या सांगतात. काही होतात, बहुतेक जण फोटो लावतात आणि पुढच्या सफरीची चौकशी करतात. म्हणून या वाक्याच्या आड तुम्ही लपू नका, असं मला मनापासून वाटतं.

मग मी जा का म्हणते? कारण तीस वर्षं शिकवलेली गोष्ट एकदा बघावीशी वाटणं मला गैर वाटत नाही, आणि एकदाच जायचं असेल तर नीट जाता येतं. अस्वलाची सफर नंतर कधीतरी जोडू, असं मनात असेल तर ते मात्र सोडा. त्यासाठीच वर म्हटलं, आपलं मन कशावर आहे ते ओळखून एकच निवडा. एक दीर्घ सफर करा, दोन तुटक नकोत. कंपनीला इंधनाबद्दल विचारा. जड तेल, म्हणजे जहाजांचं दाट, जास्त काजळी करणारं इंधन, वापरायला अंटार्क्टिकात ऑगस्ट २०११ पासूनच बंदी आहे, तेव्हा ‘आम्ही जड तेल वापरत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. जहाज किती जुनं आहे, काजळी अडवायला काय बसवलंय, वेग कमी ठेवता का, हे विचारा. गोलगोल उत्तर आलं तर समजून घ्या.

आणि तिथं गेल्यावर बुटांची स्वच्छता मनापासून करा. जहाजावर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कपडे, पिशव्या, वेल्क्रोच्या पट्ट्या तपासतात, शिवणीत अडकलेली बी व्हॅक्यूमनं काढतात, आणि दर वेळी उतरताना-चढताना बूट जंतुनाशकात बुडवतात. काही प्रवाशांना ही कटकट वाटते. पण किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं पोआ ॲन्युआ नावाचं साधं गवत उगवून बसलं आहे, आणि ते माणसांबरोबरच आलं. साउथ जॉर्जियात सील आणि व्हेल मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर उतरले, त्यांनी दोन शतकं जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली. बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर व्हायला २०१८ उजाडलं. मुलीला हे सांगा. शक्य असेल तर परत आल्यावर एक काम तिच्यासोबत करा. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे पांढरे-काळे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. प्रवाशांनी काढलेले असे फोटो ‘हॅपीव्हेल’ या प्रकल्पाला पाठवता येतात. ते जुन्या फोटोंशी जुळवून तो व्हेल कुठून कुठे गेला हे शोधतात. तुमचा व्हेल आधी कुठं दिसला होता, हे तुम्हालाही कळवतात. यानं ८३ टन भरून निघत नाहीत, पण वर्गात शिकवायला ते पृथ्वीगोलापेक्षा चांगलं साधन आहे. हे सगळं वाचून न जायचं ठरवलंत, तरी मला तो निर्णय कमी मोलाचा वाटणार नाही.

जायचं ठरलं तर वर्ष-दीड वर्ष आधी नोंदणी करा. मध्यावरच्या खालच्या केबिन मोजक्याच असतात आणि त्याच आधी संपतात.

शेवटचं एक, किनाऱ्यावर उतरल्यावर लागणारं. पेंग्विनांपासून ५ मीटर दूर राहायचं, फर सीलपासून १५ मीटर. पाण्याकडे ये-जा करून पेंग्विनांनी बर्फात पायवाटा पाडलेल्या असतात. त्या आडव्या आल्या तर थांबून त्यांना आधी जाऊ द्या. पण ५ मीटरचा नियम तुमच्यावर आहे, त्यांच्यावर नाही. यांचा गुडघा दुखू लागला की दोघांनी त्या वाटेपासून थोडं बाजूला, काठ्यांवर भार देऊन नुसतं उभं राहा आणि हलू नका. जानेवारीतली जरा मोठी झालेली पिल्लं फार चौकस असतात. एखादं येईल, मान वाकडी करून बघेल, आणि बुटाचं टोक चोचीनं चाचपून बघेल.